पत्ता तोच आहे

“अगं, अजून तिथेच लिहितेस? तिथे आता येतं तरी कोण?”

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक जण एकेकाळी स्वतःही तिथेच लिहायचे. ‘तिथे’ म्हणजे ब्लॉगरवर. २००८ च्या दिवाळीत मी तिथे माझा मराठी ब्लॉग सुरू केला आणि आजही महिन्यातून दोनदा तिथेच लिहिते. त्या काळातले सोबती फेसबुकवर गेले, इन्स्टाग्रामवर गेले, काही यूट्यूबवर बोलू लागले, काहींनी लिहिणंच सोडलं. मी गेले नाही.

गंमत अशी की ज्यांनी हे घर बांधलं, तेसुद्धा तिथे राहिले नाहीत. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीने सुरू केली. २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली. तिच्या संस्थापकांपैकी इव्हान विल्यम्स पुढे २००६ मध्ये ट्विटरच्या आणि २०१२ मध्ये मीडियमच्या संस्थापकांत होते. म्हणजे बांधणारा दोनदा नव्या जागी गेला आणि भाडेकरू मात्र जुन्याच खोलीत दिवा लावून बसलेली! लोकांना हसू येणारच.

पण राहण्यामागे माझी काही कारणं आहेत, आणि ती निव्वळ सवयीची नाहीत.

तेव्हाची गल्ली

आम्ही हैदराबादचे. बाबा नोकरीसाठी नांदेडकडून इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी, असा आमचा चौरस आहार. उगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी येतात, त्यामुळे सणाला कधी परकं वाटलं नाही. पण मनातलं मराठीत लिहावं आणि कुणीतरी ते वाचावं, अशी जागा हाताशी नव्हती.

तेव्हा संगणकावर मराठी लिहिणं हीच एक परीक्षा असायची. शुषा, कृतिदेव असे वेगवेगळे फॉन्ट होते. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की, तोच फॉन्ट तिथे नसेल तर नुसती अगम्य चिन्हं दिसायची. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांचेही आपापले फॉन्ट असायचे, ते आधी उतरवून घ्यायचे आणि मग बातमी वाचायची. युनिकोडमुळे हे संपलं. त्यात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो, म्हणून हैदराबादेत टंकलेला ‘क’ रत्नागिरीतही ‘क’च दिसतो. बरहा, गमभन अशी टंकलेखनाची साधनं तेव्हा आमच्या पिढीच्या हाती आली. ‘ज्ञ’ कसा लिहायचा आणि ‘ऱ्या’ कसा उमटवायचा, हे आम्ही एकमेकांना प्रतिक्रियांमध्ये शिकवायचो.

त्या दिवसांत एखादा नवा ब्लॉग सुरू झाला की वाड्यात नवं बिऱ्हाड आल्यासारखं वाटायचं. ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या ठिकाणी ताज्या लेखांची यादी दिसायची, तिथून लोक एकमेकांकडे यायचे. माझ्याकडे नियमित येणाऱ्यांत नागपूरच्या एक गृहिणी होत्या, अमेरिकेत राहणारा एक अभियंता होता आणि कोकणातले एक निवृत्त शिक्षक होते. हे गुरुजी ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय लेखाचं कौतुक करत नसत. यांच्यापैकी एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नव्हते. तरी कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे सगळं माहीत असायचं.

माणसं पांगली

ही गल्ली एका दिवसात रिकामी झाली नाही. आधी फेसबुक आलं. तिथे लिहिलं की पाच मिनिटांत पन्नास अंगठे मिळायचे. ब्लॉगवर दोन दिवसांनी तीन प्रतिक्रिया यायच्या. मग १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं. तरुण वाचकांना ते आठवणार नाही. आपल्या आवडीच्या सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख ते एकाच ठिकाणी आणून देत असे, अगदी दारात पेपर टाकणाऱ्या मुलासारखं. तो मुलगा यायचा बंद झाल्यावर पुष्कळ घरांत वाचनही बंद झालं. २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं, आणि गप्पांचा सगळा संसार फोनवरच्या ग्रुपांमध्ये हलला.

मीही बाहेर डोकावून पाहिलं. एका मोठ्या समाजमाध्यमावर वर्षभर लिहिलं. वाचणारे भरपूर मिळाले, नाही म्हणत नाही. पण दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे तिथलं लिखाण चुलीवरच्या दुधासारखं असतं. भरकन वर येतं आणि तितक्याच झटकन खाली बसतं. चार महिन्यांपूर्वीचा लेख शोधायला गेले, तर मलाच सापडेना. दुसरी गोष्ट जास्त टोचली. कशाला अंगठे मिळतात हे कळल्यावर मी तसंच लिहायला लागले होते. आईच्या हातच्या लोणच्यावर लिहिलं की दोनशे लोक खूश. आईच्या एकटेपणावर लिहिलं की बारा. मग हात आपोआप लोणच्याकडे वळायचा.

आणखी एक किस्सा सांगते. आमच्याकडे, म्हणजे मराठवाड्यात, लग्नकार्यात येसर करतात. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं हे पीठ असतं, त्याची आमटी होते. आजीच्या येसरावर मी ब्लॉगवर एक लेख लिहिला होता. तीन वर्षांनी तोच लेख आमच्या फॅमिली ग्रुपवर आला. माझं नाव गायब, शेवटी तीन हात जोडलेले आणि ‘आवडल्यास पुढे पाठवा’ असा आदेश. पाठवणारी माझी सख्खी मावशी! वर लिहिलं होतं, “बघ किती सुंदर लिहिलंय कुणीतरी. तू पण असं लिहीत जा.”

मी मावशीला मूळ लेखाचा दुवा पाठवला. त्यावर तारीख होती, माझं नाव होतं आणि खाली तिचीच जुनी प्रतिक्रिया होती! मावशी दोन दिवस ग्रुपवर गप्प होती. पण मला त्या दिवशी ब्लॉगचं मोल नव्याने कळलं. फिरत्या मजकुराला घर नसतं. माझ्या लेखाला होतं, म्हणून तो माझा आहे हे दाखवता आलं.

‘दहा ओळींत निबंध पाहिजे’

जुने लोक गेले म्हणजे ब्लॉग ओस पडला असं नाही. नवे लोक आले, फक्त ते वेगळ्या वाटेने आले.

सर्वांत आधी आले जाहिरातवाले. “छान लेख, आमच्या साइटला भेट द्या,” असं म्हणून कर्जापासून केसांच्या तेलापर्यंत सगळं विकणारे. त्यांच्यासाठी दाराला कडी लावावी लागली. आता प्रतिक्रिया आधी मी पाहते आणि मगच ती दिसते.

मग आली शाळेतली मुलं. माझ्या आजीवरच्या लेखाला बाकी कुठल्याही लेखापेक्षा जास्त वाचक मिळतात. हे लेखनाचं यश म्हणून मी काही दिवस खुशीत होते. नंतर प्रतिक्रियांवरून उलगडा झाला. मुलं ‘माझी आजी निबंध’ असं शोधतात आणि थेट माझ्या अंगणात येऊन उतरतात. “मॅडम, दहा ओळींत पाहिजे.” “खूप मोठा आहे, पाचवीसाठी द्या.” “उद्याच द्यायचाय, लवकर.” एकाने तर लिहिलं होतं, “तुमची आजी जिवंत नाही, मला जिवंत आजी पाहिजे.”

हे वाचून मी खूप हसले. पण त्याला उत्तरही दिलं: “तुला आजी आहे का? असेल तर तिला तीन प्रश्न विचार. लहानपणी ती काय खेळायची, तिला कुणाची भीती वाटायची आणि तिला सगळ्यात जास्त काय आवडतं. तिची उत्तरं लिही, तुझा निबंध झाला.” पुढे चार दिवसांनी त्याची ओळ आली: “आजीला विहिरीत पोहता येतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.”

त्या एका ओळीसाठी मी आणखी दहा वर्षं तिथे बसायला तयार आहे.

जुन्या सोबत्यांना वाटतं, पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत. खरंच आहे. गुरुजी शुद्धलेखन तपासायचे, हा मुलगा विरामचिन्हंही देत नाही. पण गल्लीत पूर्वीचेच शेजारी राहिले पाहिजेत, असा हट्ट आपण कुठे धरतो? शेजारचं घर विकलं जातं, नवं कुटुंब येतं, त्यांची मुलं आपल्या दारासमोर क्रिकेट खेळतात. आपण चार दिवस कुरकुरतो आणि पाचव्या दिवशी त्यांचा चेंडू त्यांना परत देतो.

बाबांच्या प्रतिक्रिया

आता खरं कारण सांगते.

बाबा निवृत्त झाल्यावर मी त्यांना संगणकावर मराठी टंकायला शिकवलं. एका बोटाने ते सावकाश अक्षरं दाबायचे. माझा प्रत्येक लेख वाचून ते खाली प्रतिक्रिया लिहायचे. लॉग-इन वगैरे करायची त्यांना दगदग वाटे, त्यामुळे वर ‘अनामित’ असं दिसायचं. पण पत्राच्या शेवटी सही करावी तशी खाली ते न चुकता सही करायचे: ‘बाबा’.

येसराच्या लेखाखाली त्यांनी लिहिलं होतं: “तुझी आजी त्यात थोडे गहूही भाजून घालायची. ते भाजताना ती कुणाशी बोलत नसे. करपले तर वऱ्हाडी मंडळी नाव ठेवतील, ही तिला धास्ती. — बाबा.” पाककृती मला आईकडून मिळाली होती, आजीची धास्ती फक्त बाबांना ठाऊक होती.

हळूहळू गल्लीतले बाकीचे लोकही त्यांना बाबाच म्हणू लागले. “बाबा, तुमचं म्हणणं पटलं.” “बाबा कुठे आहेत? या लेखावर अजून आले नाहीत.” गुरुजींशी त्यांचा ‘की’ आणि ‘कि’ यावरून चाललेला वाद तर तब्बल चौदा प्रतिक्रियांपर्यंत गेला होता. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं.

२०१९ मध्ये बाबा गेले. महिनाभराने मी ब्लॉगवर चार ओळी लिहिल्या. तोवर माझ्याकडे येणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्यामुळे त्या ओळी कुणासाठी लिहिल्या म्हणाल, तर स्वतःसाठीच.

आणि मग माणसं येऊ लागली. नागपूरच्या ताई आल्या. त्यांनी सहा वर्षं ब्लॉगकडे पाहिलंही नव्हतं. अमेरिकेतल्या अभियंत्याने रात्री दोन वाजता लिहिलं, की त्याचे वडील गेले तेव्हा बाबांनी त्याच्या ब्लॉगवर येऊन दोन ओळी लिहिल्या होत्या. मला हे माहीतच नव्हतं. गुरुजींची प्रतिक्रिया त्यांच्या नातवाने टंकून दिली होती. “आता माझ्याशी वाद कोण घालणार?” एवढंच त्यात होतं.

ही सगळी माणसं कुठून आली? त्यांच्यापैकी कुणाकडे माझा फोन नंबर नव्हता. कुठल्याही ग्रुपमध्ये आम्ही एकत्र नव्हतो. कुणीतरी कुणाला सांगितलं आणि प्रत्येकाला जुना पत्ता तेवढा आठवत होता. तो पत्ता चालू होता. मी कुठेतरी निघून गेले असते, तर ती त्या दाराशी आली असती आणि परत गेली असती.

लेख दुसऱ्या ठिकाणी हलवता येतात, हे मला ठाऊक आहे. वर्डप्रेससारख्या सेवांवर ब्लॉगरचे लेख आणि त्यांच्याखालच्या प्रतिक्रियाही नेण्याची सोय आहे. पण इतरांनी वर्षानुवर्षं आपल्या लेखांत दिलेले दुवे, कुणी वहीत टिपून ठेवलेला पत्ता, कुणाच्या मनात पक्की बसलेली वाट, हे हलवता येत नाही. घर बदललं की टपाल जुन्याच दारावर पडत राहतं.

निष्ठा कशाशी?

याचा अर्थ मी एखाद्या कंपनीची भक्त आहे असा नाही. इंटरनेटवर कुठलीही जागा आपल्या मालकीची नसते, हे आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. लाखो लोकांची घरगुती पानं असलेलं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. भारतात घराघरांत पोहोचलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लसची सामान्य वापरकर्त्यांसाठीची सेवा एप्रिल २०१९ मध्ये संपली. उद्या माझीही पाळी येऊ शकते. फुकटच्या खोलीत राहणाऱ्याने घरमालक कायम खोली देईल असं गृहीत धरू नये.

म्हणून माझी निष्ठा भिंतींशी नाही. जे लिहिलं त्याच्याशी आहे, आणि ज्यांनी ते वाचून खाली आपले शब्द ठेवले त्यांच्याशी आहे. ते शब्द माझ्या अंगणात आहेत, पण माझे नाहीत. ते सांभाळायची जबाबदारी मात्र माझी आहे. जागा चालू आहे तोवर ती झाडून-पुसून ठेवायची आणि बंद व्हायच्या आत सामान बांधलेलं असायला हवं, एवढं मी स्वतःशी ठरवलंय.

तुमचाही एखादा जुना ब्लॉग कुठे पडून असेल, तर मी काय करते ते सांगते. कदाचित उपयोगी पडेल.

वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, मी ब्लॉगचा बॅकअप घेते. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये तशी सोय आहे. सगळे लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. त्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, त्यांचे फक्त दुवे येतात. म्हणून फोटो वेगळे जपून ठेवावे लागतात. ही फाइल मी संगणकावर ठेवते आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवते.

महत्त्वाचे लेख मी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करते. आपल्या पानाचा पत्ता तिथे दिला की त्या दिवसापुरती त्या पानाची प्रत साठवली जाते.

तिसरी गोष्ट घरातल्या सगळ्यांनीच करावी अशी आहे. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही, तर ते काढून टाकलं जाऊ शकतं. हे धोरण २०२३ पासून लागू आहे. म्हणून अधूनमधून लॉग-इन करत राहा. शिवाय खात्याच्या सेटिंग्जमध्ये अशी एक सोय आहे, की आपण ठरवलेले काही महिने खातं वापरलं गेलं नाही, तर आपण निवडलेल्या माणसाला तसं कळवलं जातं आणि आपण परवानगी दिलेली माहिती त्याला मिळते. तिथे मी माझ्या मुलीचं नाव दिलंय. आपल्यामागे घराच्या किल्ल्या कुणाकडे जाणार, हे आपण सांगून ठेवतोच ना? मग या किल्लीचंही सांगून ठेवावं.

आणि एक जुनी पद्धत. बाबांच्या सगळ्या प्रतिक्रिया, ज्या लेखांखाली त्या होत्या त्या लेखांसकट, मी छापून घेतल्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने त्याला स्पायरल बाइंडिंग करून दिलं. कागदाला पासवर्ड लागत नाही.

मुलीचं वाचन

माझी मुलगी शाळेत तेलुगू आणि हिंदी शिकली. मराठी बोलते छान, पण वाचताना अडखळायची. पुस्तक हातात दिलं की तिला जांभया यायच्या. ते स्पायरलचं बाड मात्र तिने आपणहून उचललं, कारण त्यात आजोबा होते.

सुरुवातीला ती फक्त त्यांच्या प्रतिक्रिया वाचायची. मग प्रतिक्रियेत काहीतरी कळेना, म्हणून वरचा लेख वाचायची. ‘धास्ती’ म्हणजे काय, ‘वऱ्हाडी’ म्हणजे कोण, हे विचारायची. ‘की’ आणि ‘कि’च्या वादात तिने गुरुजींची बाजू घेतली, हे बाबांना मुळीच आवडलं नसतं. आता ती थेट ब्लॉगवर जाते. मागच्या उन्हाळ्यात तिने तिथे पहिली प्रतिक्रिया टाकली, येसराच्याच लेखाखाली, बाबांच्या ओळींच्या पुढे. तिने विचारलं होतं, “गहू किती वेळ भाजायचे? कुणीच लिहिलं नाहीये.”

आईला विचारून मी तिला उत्तर लिहिलं: मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत, आणि मधे कुणाशी न बोलता.